सेननआजोबांचा पाय हलला तर

अर्चनाबाईंची तक्रार करायची तर सुरुवात कुठून करू हेच मला कळत नाही. रोज संध्याकाळी त्या हॉस्पिटलातून घरी येतात, शूज काढतात, चहा ठेवतात आणि लगेच फोनमधला तबला लावतात. धा धी ना, धा ती ना. धा धी ना, धा ती ना. तासभर. दादरा म्हणतात त्याला. तबल्याशी माझं काही वैर नाही. पण आयरिश जिग, म्हणजे तिकडच्या नाचाची धून, उचलायची, ती दादऱ्यात कोंबायची आणि वर माझ्याकडे बघून म्हणायचं, "या पेटीचा आवाज काही खुलत नाही बाई!" ही कुठली रीत?

मित्रांनो, मी पेटी नाही. मी कॉन्सर्टिना आहे. जुनी आहे, शंभरी कधीच ओलांडली आहे, पण दात सगळे शाबूत आहेत. दात म्हणजे माझी तीस बटणं, हाडाची. दोन्ही बाजूंना सहा कोनांच्या लाकडी चकत्या, मधे चामड्याच्या घड्यांचा भाता. भाता ओढला की मी श्वास घेते, दाबला की सोडते. एकच बटण ओढताना एक सूर देतं आणि दाबताना दुसरा. म्हणजे माझं सगळं गाणं श्वासावर चालतं.

शाळेचं तोंड मी पाहिलेलं नाही. कागदावरचे सूर मला वाचता येत नाहीत आणि त्याची मला लाज नाही. मराठी मी याच घरात शिकले, सात महिन्यांत, अर्चनाबाईंचं ओरडणं ऐकून. आणखी एक सांगून ठेवते. माझ्या उजव्या अंगाला अंगठ्याचं एक बटण आहे, त्याला सूर नाही. ते दाबलं की नुसती हवा आत-बाहेर होते. मला स्वतःचं काही बोलायचं असलं की मी तिथून बोलते. माणसांना फक्त 'फस्स' ऐकू येतं. त्यांचं नशीब.

माझा जन्म लंडनच्या एका कारखान्यात झाला. तिथून समुद्र ओलांडून मी आयर्लंडच्या पश्चिमेला क्लेअर नावाच्या मुलखात गेले, नोराबाईंच्या घरी. नोराबाई गाई राखायच्या, ब्रेड भाजायच्या आणि रात्रीचं जेवण आटोपलं की मला वाजवायच्या. चुलीशेजारच्या भिंतीत माझ्यासाठी खास कोनाडा होता, ओल लागू नये म्हणून. शेजारीपाजारी यायचे, टेबल भिंतीला लागायचं आणि त्या दगडी जमिनीवर आठ-आठ माणसं नाचायची. बुटांना खिळे ठोकलेले. मला ताल शिकवला तो त्या बुटांनी.

जिगमध्ये सहा ठोके असतात, हे खरं आहे. पण सहा भावंडं कधी सारखी असतात का? पहिला थोरला, पाय रोवून उभा. दुसरा त्याच्या मागे अंग चोरून. तिसरा उतावळा, पुढच्याला ढकलणारा. चौथा त्या धक्क्याने पुढे येतो आणि पुन्हा पाय रोवतो. कोणी किती जागा घ्यायची हे कागदावर लिहिता येत नाही. ते नाचणाऱ्याच्या टाचेकडे बघून कळतं. नोराबाई टाचांकडे बघायच्या. टाच खाली आली की मला दाबायच्या, वर गेली की सैल सोडायच्या. कधी एखादा म्हातारा मागे पडला तर केसभर थांबायच्यासुद्धा. सूर पुष्कळ चुकायच्या. पण त्यांच्या घरात बसून राहिलेला माणूस मी कधी पाहिला नाही.

त्यांचा मुलगा सेनन. एकोणीस वर्षांचा झाला आणि इंग्लंडला रस्ते बांधायच्या कामावर निघाला. त्याला मी हवी होते. नोराबाई खुर्चीत बसल्या, दोन्ही पाय एकमेकांत अडकवले आणि म्हणाल्या, "वाजव. माझा पाय मला न विचारता हलला, तर घेऊन जा. नाही हलला, तर ती इथेच राहील." सेनन घाबरला होता, मला त्याच्या हातांचा घाम लागत होता. पण त्याने वाजवलं, आणि नोराबाईंची टाच उठली. त्यानंतर त्या माझ्याकडे बघायला तयार होईनात. मी मोज्यांच्या पिशवीतून बर्मिंगहॅमला आले.

ती वर्षं माझ्या वैभवाची. आठवडाभर सेनन डांबर ओढायचा आणि रविवारी पबच्या कोपऱ्यात मला मांडीवर घ्यायचा. मी आले की लोक खुर्च्या मागे सारायचे. मग त्याची बोटं वाकू लागली. आधी करंगळी, मग बाकीची. एक दिवस त्याने मला सहा कोनांच्या डब्यात ठेवलं, डबा कपाटावर गेला आणि सात वर्षं तिथेच राहिला. मित्रांनो, डब्यातल्या अंधाराची भीती वाटत नाही. भीती वाटते ती वेगळीच. आपण श्वास कसा घ्यायचो, हेच हळूहळू आठवेनासं होतं.

शेजारच्या घरात अर्चनाबाई, त्यांचे यजमान जयंतराव आणि मुलगी अनुया राहायला आले. जयंतराव सोमवार ते गुरुवार रीडिंग नावाच्या गावी ऑफिसात. अर्चनाबाई हॉस्पिटलच्या फार्मसीत, दिवसभर गोळ्या मोजणार. अनुया अकरा वर्षांची. दोन घरांची भिंत एकच. सेनन आता ऐंशीच्या पुढचे आजोबा झाले होते. बोटं चालत नसली तरी तोंड चालायचं. ते दिवसभर तोंडाने जिग म्हणायचे, डिडल-डी, आयडल-डी, आणि ते भिंतीतून पलीकडे जायचं.

दिवाळीत अनुया फराळाचा डबा घेऊन आली. चकली आजोबांना चावेना, ती त्यांनी चहात बुडवून खाल्ली. अनुयाने कपाटावरचा माझा डबा पाहिला आणि विचारलं, "त्यात हॅट आहे?" आजोबा खूप हसले, आणि सात वर्षांनी मी उजेड पाहिला.

डिसेंबरच्या शेवटी त्यांनी मला अनुयाच्या हातात दिलं. अट तीच, आईची. "मी इथे आहे तोवर ही तुझ्याकडे. मी जाईन त्या दिवशी माझ्या किचनमध्ये एकदा वाजवून दाखव. माझा पाय आपणहून हलला, तर कायमची तुझी. नाही हलला, तर माझ्याबरोबर येईल."

माझ्याबरोबर म्हणजे कुठे, ते वसंतात कळलं. आजोबांना जिना चढवेना. लीड्सला त्यांचा पुतण्या डेक्लन राहतो, तो त्यांना न्यायला जुलैच्या शेवटच्या रविवारी येणार होता. या डेक्लनकडे काचेचं कपाट आहे. आत पाच जुनी वाद्यं, वर छोटे दिवे. माणूस वाईट नाही. दर महिन्याला सगळ्यांना मऊ फडक्याने पुसतो. पुसतो! वाजवत एकालाही नाही. सहावी जागा त्याने माझ्यासाठी मोकळी करून ठेवली होती. फोटोही पाठवला होता.

तेव्हापासून माझ्या जिवाला घोर लागला. मुलगी गुणाची, कान तयार. पण तिला शिकवायचं अर्चनाबाईंनी मनावर घेतलं. लहानपणी त्या हार्मोनियमच्या परीक्षा द्यायच्या, पहिल्या वर्गात यायच्या. त्यांनी जिग सारेगममध्ये वहीत उतरवली. लाल शाईने मात्रा घातल्या. माझी बटणं मोजली आणि एक तक्ता बनवला, ज्यात भाता फिरवावाच लागू नये. ओढायचा तो ओढतच राहायचा. का? तर हार्मोनियमचा भाता एकसारखा हलला पाहिजे, असं त्यांच्या बाईंनी त्यांना सांगितलं होतं.

"अनु, हा काय धक्का मारलास?"

"आई, तिथे तिचा श्वास संपतो."

"हार्मोनियमचा संपतो का? मग? सलग वाजव."

"पण सेननआजोबा म्हणतात, लिसन कर. फक्त लिसन."

"लिसन कर म्हणजे काय? त्याला सिलॅबस आहे का काही? काउंट कर. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. सगळे सारखे आले पाहिजेत."

सगळे सारखे! मी अंगठ्याच्या बटणातून ओरडले. "फस्स," एवढंच झालं. अर्चनाबाई म्हणाल्या, "भात्याला लीक आहे वाटतं." लीक! आणि मग त्यांनी मला रेडिएटरवर ठेवलं, उबेने बरी होईल म्हणून. चामडं आहे ते, पापड नव्हे.

भिंतीपलीकडे आजोबा सगळं ऐकत होते. सुरुवातीला अनुया चाचपडत वाजवायची तेव्हा कधीतरी तिचा हात बरोबर पडायचा, आणि ते काठीने भिंतीवर दोन ठोके द्यायचे. टक टक. म्हणजे शाब्बास. अनुया त्या ठोक्यांसाठी जीव टाकायची. एप्रिलमध्ये वही आली आणि ठोके बंद झाले. मे गेला. जून गेला. सूर एकही चुकत नव्हता आणि भिंत गप्प होती. अनुया वाजवून झालं की भिंतीकडे बघत बसायची. मग मला बंद करायची, आणि बंद करताना तिचे हात थंड लागायचे.

अर्चनाबाईंना ते दिसत नव्हतं असं नाही. एकदा त्या फोनवर जयंतरावांना म्हणाल्या, "मला त्या वाद्याचं काही नाही हो. पण पोरगी रडली तर मला बघवणार नाही. निदान चूक तरी होऊ नये, एवढंच माझ्या हातात आहे." हे ऐकून माझा राग थोडा उतरला. थोडाच.

शेवटच्या आठवड्यातली गोष्ट. बुधवारी महाराष्ट्र मंडळाच्या बायका मंगळागौरीच्या खेळांची प्रॅक्टिस करायला कम्युनिटी हॉलमध्ये जमतात. अर्चनाबाई त्यांच्या पुढारी. अनुयाला घरी एकटी ठेवत नाहीत म्हणून ती आली, आणि मी तिच्या मांडीवर. मी वाट बघत होते की आता इथेही तबला लागेल.

तबला लागलाच नाही. आठ बायकांनी झिम्मा धरला. शिल्पा म्हणून एक नवी होती, बिचारी तोंडातल्या तोंडात पुटपुटत होती. एक-दोन-तीन-चार. अर्चनाबाई कडाडल्या.

"शिल्पा, मोजतेस काय गं? गोळ्या आहेत का त्या?"

"चुकेन ना मी!"

"चुकू दे. समोरचीचा हात धर. ती कुठे झुकते ते बघ, पाय आपोआप पडेल. मोजलंस की मेलीस!"

मित्रांनो, माझ्या तीसच्या तीस बटणांना कापरं भरलं. घरी मोज, आणि इथे मोजू नको? मी अनुयाकडे पाहिलं. ती आईकडे बघत होती, तोंड उघडं टाकून.

मग अर्चनाबाईंनी ओढणी खोचली, उकिडव्या बसल्या आणि बसफुगडी घालून दाखवली. एक पाय पुढे, एक मागे, उडी, बदल, उडी, बदल, आणि तोंडाने "फू, फू". तो श्वास मी ओळखला. पाय टेकताना सोडायचा, उचलताना घ्यायचा. फुगडी म्हणजे जिग नव्हे, एवढी अक्कल मला आहे. दोघींचं गाव वेगळं, चाल वेगळी. पण ही बाई टाचेने विचार करत होती. नोराबाईंच्या किचनमध्ये तिला कोणीही नाचायला घेतलं असतं.

घरी जाताना गाडीत अनुया म्हणाली, "आई, तू शिल्पामावशीला काउंट नको करू म्हणालीस."

"ते वेगळं."

"कसं वेगळं?"

अर्चनाबाईंनी सिग्नलला गाडी थांबवली. "ते मला येतं," त्या म्हणाल्या.

इंडिकेटर टिकटिकत राहिला. सगळे ठोके सारखे.

मला वाटलं, झालं, आता वही सुटेल. कसली सुटते! माणसाला कळलं म्हणून वळत नाही. गुरुवारी वही होती, शुक्रवारी होती, शनिवारी तर दोन तास होती. भिंत गप्पच.

रविवार आला. आजोबांचं किचन अर्धं रिकामं झालेलं, कोपऱ्यात खोके, ओट्यावर एकच किटली. डेक्लन दाराशी उभा, एका हातात गाडीची किल्ली, दुसऱ्या हातात घडी घातलेलं मऊ फडकं. ते फडकं पाहिलं आणि माझा भाता आकसला. आजोबा खुर्चीत बसले, चेक्सच्या सपाता लिनोलियमच्या फरशीवर सपाट टेकवल्या.

"चल पोरी," ते म्हणाले. ते बोलतात इंग्रजीत, मी तुम्हाला मराठीत सांगते आहे.

अनुयाने सुरुवात केली. पहिला फेरा. स्वच्छ, बिनचूक आणि मेलेला. सपाता हलल्या नाहीत. अर्चनाबाई भिंतीला टेकून अंगठ्याने बोटांची पेरं मोजत होत्या. दुसरा फेरा. भाता ओढून ओढून मी हातभर लांब झाले, छाती फुटायची वेळ आली, आणि ऐन वळणावर अनुयाला मला घाईने मिटावं लागलं. सूर तुटला. सपाता तशाच. आजोबांनी डोळे मिटून घेतले. त्यांना पाय हलवायचा होता, मला दिसत होतं. पण अट अट असते. तो खोटा हलवला असता तर नोराबाईंनी वरून काहीतरी फेकून मारलं असतं.

अनुया थांबली.

"सॉरी," ती म्हणाली. मग मराठीत, आईकडे वळून, "आई, तू कर ना. ते खाली बसून करतेस ते."

"काय?"

"फुगडी."

"इथे? वेड लागलं का तुला? मी जीन्समध्ये आहे. लोक काय म्हणतील?"

"आई, प्लीज. मला काउंट नको. मला पाय पाहिजे."

अर्चनाबाईंनी डेक्लनकडे पाहिलं. त्याच्या हातातल्या फडक्याकडे पाहिलं. सपातांकडे पाहिलं. मग हातातली लाल शाईची वही त्यांनी किटलीशेजारी ठेवली, केस वर बांधले, आणि हॉस्पिटलच्या सीनियर फार्मसिस्ट त्या अनोळखी माणसासमोर उकिडव्या बसल्या.

"चल," त्या म्हणाल्या. "फू!"

अनुयाने मान खाली घातली आणि आईच्या टाचांकडे पाहिलं. टाच आली, तिने मला दाबलं. टाच गेली, मला सोडलं. तक्ता गेला उडत. बोटं जिकडे श्वास नेईल तिकडे गेली. एक सूर चुकला, दुसरा चुकला, कोणाला पर्वा! थोरला पाय रोवून उभा राहिला, मधल्याने अंग चोरलं, उतावळ्याने ढकललं. माझ्या घड्यांमध्ये इतक्या वर्षांची धूळ होती, ती उडाली असेल. फेऱ्याच्या शेवटी अर्चनाबाईंना धाप लागली, एक उडी उशिरा पडली, आणि अनुया आईसाठी केसभर थांबली. तो थांबा कुठल्याही वहीत नव्हता. तो मी शेवटचा कधी ऐकला होता, हे मी तुम्हाला सांगितलं आहे.

पुढच्याच उडीला अर्चनाबाई धपकन खाली बसल्या. आता पाय गेले, आता मुलगी पुन्हा मोजणार. पण अनुयाने डोळे मिटले आणि तशीच पुढे गेली. पाय आता तिच्या आत चालले होते.

आणि चेक्सच्या सपातीची टाच उठली.

आधी एकदा, चोरून. मग पुन्हा. मग सपात निसटून पडली आणि राखाडी मोजा जमिनीवर एकटाच नाचू लागला. आजोबा त्या पायाकडे असे बघत होते, जणू तो दुसऱ्याच कोणाचा आहे.

जिग संपली. किचनमध्ये फक्त अर्चनाबाईंची धाप ऐकू येत होती.

"तीन सूर चुकलीस," आजोबा म्हणाले.

"चार," अनुया म्हणाली.

"माझ्या आईचे पाच चुकायचे." त्यांनी काठी उचलली आणि टेबलावर दोन ठोके दिले. टक टक. मग डेक्लनला म्हणाले, "ते फडकं खिशात घाल, आणि माझी सपात दे."

डेक्लनने वाकून सपात त्यांच्या पायात घातली. मग खोके उचलायला लागला.

मित्रांनो, मी राहिले. पण आजोबा गाडीत बसायला निघालेच, आणि आता त्या भिंतीपलीकडे काठी नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. माझी धाकधूक अजून गेलेली नाही. मुलं मोठी होतात, डबे कपाटावर जातात. तुमच्याही घरी कपाटावर एखादं वाद्य असेल. त्याला नुसतं पुसू नका रे. उघडा, चुका, पण वाजवा. पुसलेल्या वाद्याचं कोणी काही ऐकत नाही.

अनुयाने मला मिटायला घेतलं आणि अंगठ्याचं बटण दाबलं. भाता पुरता भरलेला होता. समोरच लिनोलियमवर अर्चनाबाई बसल्या होत्या, गुडघा चोळत, डोळे पुसत, हसत. अशी संधी पुन्हा कधी यायची? त्यांना 'फस्स' ऐकू आलं तर येवो. मी सगळा श्वास एकवटला आणि मोठ्याने सांगितलं,

"अर्चनाबाई, शिकवायला तुम्ही अगदी निकामी आहात. ती वही इथेच किटलीपाशी राहू द्या, आणि मला पुन्हा रेडिएटरवर ठेवलंत तर याद राखा. पण पाय तुमचे खरे आहेत. भिंतीवरचे दोन ठोके आता तुम्हीच द्यायचे, आणि चहा झाला की रोज खाली बसायचं!"